लकवा नव्हे, गळ्याचा मार : भावाच्या पीएमचा (पोस्टमॉर्टेमचा) माझा अनुभव

चुलतभाऊ गेला तेव्हा सगळे म्हणत होते लकव्यानं गेला. पस्तिशीचा माणूस, बीपी नाही, शुगर नाही, त्याला काहून लकवा मारंल? दोन-तीन दिवसांआधी वावरातून येताना अंधारात त्याची गाडी धुऱ्यावरच्या तारेत गेली होती, रानडुकरांसाठी बांधतात ना ती, अन् तार सरळ गळ्याला बसली. डावीकडे बोटभर लाल वळ, रक्त नाही काही नाही, "काई नाई झालं मले" म्हणून सकाळी फवारणीला गेलासुद्धा. नंतर एकदम उजव्या हातातून चहाचा कप सुटला, तोंड वाकडं, बोलणं बंद.

मोठ्या दवाखान्यात त्याचा जीव गेला, तर केसपेपरवर तारेचं नावच नाही. काकू म्हणे लेकराची चिरफाड नोको. मी ड्युटीवरच्या डॉक्टरला वळ दाखवला तेव्हा एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) झाली, पोलिसांनी मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम 194 चा पंचनामा झाला आणि त्यात वळाची जागा मी हट्टानं लिहून घेतली, कारण पीएमवाल्या डॉक्टरच्या हाती आधी तोच कागद जातो.

फॉरेन्सिकच्या मॅडमनी मला बसवून नीट सांगितलं. गळ्याला असा मार बसला की मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड नस आतून फाटू शकते, वरून फारसं दिसत नाही, तिथं गुठळी धरते अन् काही तासांनी नाहीतर दिवसांनी मेंदूत जाऊन अडकते. नस डावी, म्हणून उजवा हात आणि बोलणं गेलं. पीएममध्ये डोकं अन् छाती आधी उघडतात, गळा शेवटी, म्हणजे तिथलं रक्त उतरून जातं, नाहीतर कापताना सांडलेलं रक्तच माराचं वाटू शकते. मग एकेक थर सोडवत जातात, नस लांबीत चिरून आतलं अस्तर बघतात.

नसेचा तुकडा तपासणीला गेला म्हणून कागदावर "अंतिम मत राखीव" आलं, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणीनंतर सांगू, त्यावरून गावात विषापर्यंत गोष्टी गेल्या, लय त्रास झाला वहिनीला.

शेवटी रिपोर्ट आला. मेंदूचा रक्तपुरवठा बंद, त्याचं कारण डाव्या कॅरोटिडमधली गुठळी, आणि मूळ कारण गळ्याचा मार. म्हणजे लकवा खरा होता, पण तो मधला टप्पा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख अपघाती मृत्यूलाच मिळतात, नैसर्गिकला नाही. अंतिम मताची प्रत ठाण्यातून घेतली, सातबारा, पंचनामा, पीएम सगळं जोडून वहिनीची फाईल तालुका कृषी कार्यालयात दिली आहे.