शिकारीची वही : पाचवा हंगाम आणि एक फसलेला नियम

मंडळी, भोवत्या (हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी) उत्तरेला गेला, मिरगाची सर पडली, उजनीच्या काठचे रस्ते चिखलात गेले. वही मिटायची वेळ झाली. पाचव्या हंगामाचा हिशेब मांडतोय, आणि यंदा हिशेबात खोट आहे ती आधीच सांगून टाकतो. ज्या नियमावर मी दोन वर्षं मिशीला पीळ देत होतो, तो ६ आणि ७ मे २०२५ च्या मधल्या रात्री तोंडावर आपटला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारी बघायच्या आणि त्यांत सीमेवरच्या तणावाचा अर्थ शोधायचा, हा आपला छंद. वहीत सुरुवातीला सात रकाने होते : तारीख-वेळ, जागा, शिकारी, भक्ष्य, घडलं काय, त्या आठवड्यातली सीमेवरची खबर, आणि शेवटचा ‘अर्थ’. हा शेवटचा रकाना त्याच संध्याकाळी शाईने भरायचा आणि नंतर खाडाखोड करायची नाही, एवढंच बंधन. बाकी कुणी हसलं तर हसू द्यावं. कुंडली मांडणाऱ्यांना नाही का कुणी हसत?

सुरुवात जून २०२० ची. लडाखमधल्या गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात मी गच्चीवर अडकलेलो होतो. समोरच्या पडीक प्लॉटवर एक कापशी घार संध्याकाळी यायची, हवेत एका जागी पंख मारत थांबायची, पाय खाली सोडायची आणि दगडासारखी उंदरावर पडायची. मला त्यात ड्रोन दिसला, चीन दिसला, सगळंच दिसलं. पहिल्या पानावरचा अर्थ आज वाचताना कानशिलं तापतात.

कारण गलवान ही शिकार नव्हतीच. हे कळायला मला रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात जावं लागलं. फेब्रुवारी २०२१, लडाखमधल्या पँगाँग तलावाच्या दोन्ही काठांवरून सैन्य मागे घ्यायला नुकती सुरुवात झाली होती. तिथे दोन काळविटांचे नर समोरासमोर आले. लगेच भिडले असं नाही. मान वर, शिंगं पाठीवर टेकलेली, नाकपुड्या आभाळाकडे, आणि दोघंही एकमेकांना समांतर चालत राहिले, जणू मधे कुणी चुन्याची रेघ मारली आहे. टोकाला गेले, वळले, पुन्हा चालले. मी घड्याळ लावलं होतं : अकरा मिनिटं. मग शिंगं अडकली, धूळ उडाली, आणि एकजण मागे सरकून चरायला लागला. दुसऱ्याने पाठलाग केला नाही.

भारत-चीनमधल्या प्रत्यक्ष ताबारेषेवर गस्तीच्या तुकड्या समोरासमोर आल्या की फलक धरतात, ‘ही आमची हद्द आहे, मागे फिरा’. त्याला बॅनर ड्रिल म्हणतात. १९९६ च्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही असं ठरलेलं आहे. हे सगळं त्या समांतर चालण्यासारखंच, शिंगं न मोडता वाद मिटवायची रीत. गलवानच्या रात्री ती रीत मोडली आणि बंदुकीऐवजी दगड आणि खिळे ठोकलेले सोटे चालले. काळविटांच्या झुंजीतही क्वचित एखादा पोट फाटून मरतो. पण त्याला कुणी खायला मारलेलं नसतं.

त्या दिवसापासून वहीत आठवा रकाना आला : ‘हद्द की भूक?’ मला विचाराल तर गेल्या पाच वर्षांत या छंदात मी कमावलं असेल तर तेवढंच. आपल्यापैकी बरेच जण अजून प्रत्येक तणावावर वाघ आणि लांडगा चिकटवतात. आधी हे विचारा की समोरचा जेवायला आलाय की बांध सरकवायला.

यंदाची सगळ्यात भरलेली नोंद उजनीकाठच्या कुंभारगावची, जानेवारीतली. सकाळी साडेसात, नाव बंद करून आम्ही गवताच्या आडोशाला. पाण्यावर दीड-दोनशे वारकरी पक्षी (काही जण चांदवा म्हणतात), काळे, कपाळावर पांढरा टिळा. दलदली भोवत्या पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून कमरेएवढ्या उंचीवरून आला. वारकरी पसरलेले होते ते क्षणात गोळा झाले, एकच काळी गोधडी. भोवत्या वरून गेला तसं त्यांनी पायांनी पाणी उडवलं. तो पुढे गेला, वळला, पुन्हा आला. चाळीस मिनिटांत चौदा फेऱ्या. एकदाही त्याने नीट झडप घातली नाही. मी नावाड्याला म्हटलं, याला जमत नाहीये. तो म्हणाला, “जमतंय की. दमवतोय. जो कडेला राहील तो त्याचा.”

पंधराव्या फेरीला एक वारकरी उशिरा आत सरकला. पंख जरा लोंबत होता. बस्स.

खबरेच्या रकान्यात तैवान होतं, नेहमीसारखं. चीनची विमानं तैवानच्या हवाई ओळख क्षेत्रात (जिथे येणाऱ्या विमानाने आपली ओळख द्यावी अशी अपेक्षा असते) येतात, वळतात, जातात. सुरुवातीला तैवान प्रत्येक वेळी आपली लढाऊ विमानं वर पाठवायचा. इंधन जातं, इंजिनाचे तास जातात, वैमानिकाची झोप जाते. मार्च २०२१ मध्ये तैवानने सांगितलं की आता दर वेळी विमान उडवणार नाही, जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांनी लक्ष ठेवू. वारकरीही तेच करत होते. पहिल्या तीन-चार फेऱ्यांना बुड्या मारल्या, नंतर नुसते गोळा होऊन बसले. ‘अर्थ’च्या रकान्यात मी लिहिलं, ‘भूक, पण घाई नाही’. ही नोंद मला स्वतःला पटलेली आहे. एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत तैवानभोवती पुन्हा मोठा सराव झाला तेव्हा मी फक्त फेरीचा आकडा वाढवला.

वंचकाची, म्हणजे पाणथळीतल्या छोट्या बगळ्याची, पानं मात्र कंटाळवाणी. पुण्याजवळच्या कवडीपाटला तो एक पाय उचलतो आणि पुढे टेकवायला मिनिट लावतो. २०१७ मधली चीनबरोबरची डोकलामची कोंडी ७३ दिवस चालली, लडाखमधल्या देपसांग-डेमचोकच्या गस्तीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदाचं ठरलं, तेही असंच. त्यावर पाच ओळींपेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

आता फसलेला नियम. तो असा होता : शिकारी ओरडत नाही. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आंब्याच्या पानोळ्यात बसतो, साळुंक्यांना कळायच्या आत फांदीखालून निघतो. जी ओरडते ती टिटवी, आणि टिटवी ओरडते ती अंड्यांसाठी, म्हणजे हद्दीसाठी. म्हणून जितका गलका जास्त तितकी झडप लांब. सियाचिन मला या नियमाचा पुरावा वाटायचा : १३ एप्रिल १९८४ ला आपली माणसं बिलाफोंड खिंडीवर उतरली तोवर कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. आणि टीव्हीवरच्या चर्चांसाठी तर टिटवीसारखी दुसरी उपमा नाही. ती म्हणे रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर तोलून धरायला.

पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली. त्यानंतर दोन आठवडे गलकाच गलका. ६ मेच्या संध्याकाळी तर दुसऱ्या दिवशीच्या नागरी संरक्षणाच्या सरावाची, भोंग्यांची, दिवे घालवण्याची चर्चा घराघरात. मी कवडीपाटहून परत आलो आणि शाईने लिहिलं : ‘टिटवी. हद्द. इतक्यात काही होत नाही.’ रात्री एक वाजून पाच मिनिटांनी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. पंचवीस मिनिटांत नऊ ठिकाणं. १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याची घोषणा होईपर्यंत मी वहीला हात लावला नाही.

आमच्यातल्याच एकाने नंतर फोन करून बोट ठेवलं ते बरोबर जागेवर. म्हणाला, “बालाकोटच्या आधी तरी कुठे शांतता होती? पुलवामा १४ फेब्रुवारीला, विमानं गेली २६ ला. मधले बारा दिवस काय चाललं होतं?” म्हणजे नियम २०१९ मध्येच मेलेला होता, मी त्याला खांद्यावर घेऊन हिंडत होतो.

मग जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत, डिसेंबर २०२२, कवडीपाटचीच एक नोंद सापडली. तेव्हा मी तिला ‘किरकोळ’ असा शेरा मारला होता. बंधाऱ्यावर एक मुंगूस आलं. चार टिटव्या त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत होत्या. बंधाऱ्यावरचे सगळे पक्षी मुंगसाकडे माना वळवून. एक धोबी पक्षी शेपटी हलवत शेवाळावर उभा, तोही तिकडेच बघत. शिक्रा मागच्या बाभळीतून आला आणि धोब्याला घेऊन गेला. टिटव्या मुंगसावर ओरडतच राहिल्या. ओरडणारी वेगळी, उचलणारा वेगळा, आणि दोघं एकाच वेळी एकाच बंधाऱ्यावर. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पुढच्या हंगामापासून ‘गलका कुणाचा’ हा नववा रकाना टाकतोय. कागद आडवा धरावा लागेल.

एक शेवटचं. आमच्या गल्लीत एक सुभेदार काका राहतात, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, उत्तरेकडची ठाणी पाहिलेला माणूस. माझ्या वहीचा त्यांना राग आहे. “अरे, तिकडे पोरं उभी असतात आणि तू इथे बगळे मोजतोस,” असं त्यांनी मागे तोंडावर सुनावलं होतं. राग खोटा नाही, म्हणून वाद घातला नाही. मे संपता संपता मी त्यांना म्हटलं, काका, एकदा चला तरी, नाही आवडलं तर पुन्हा विषय काढणार नाही. आले. दुर्बीण गळ्यात घातली, घडीच्या खुर्चीवर बसायला नको म्हणाले, आणि दीड तास त्या कंटाळवाण्या वंचकाकडे बघत उभे राहिले. मधे मी चहा विचारला तर हातानेच थांब म्हणाले.

निघताना वही मागून घेतली. पहिले रकाने माझ्यापेक्षा नीट भरले, वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने, जागा दिशेसकट. शिकारी : वंचक. भक्ष्य : काही नाही. घडलं काय : ०६५० ते ०८२० एकाच जागी. खबर : कोरं. ‘हद्द की भूक’ वर आडवी रेघ. अर्थाच्या रकान्यात एकच ओळ : ‘पाय दुखत असतील.’