बेळगावच्या पेन्शनर फौजींच्या गोष्टी आत्ताच रेकॉर्ड करायला हव्यात

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. १९२२ पासून ते इथं आहे, आणि रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण, जंगी पलटण, ती तर १७६८ सालची. पहाटे कॅम्पाकडनं गेलात तर रंगरूट पळताना दिसतात, भरतीच्या वेळी सगळं गाव पोरांनी भरून जातं. सेंटरचं स्वतःचं म्युझियम पण आहे. म्हणजे पलटणीचा इतिहास जपलेला आहे, चांगला जपलेला आहे. पण त्याच पलटणीतनं पेन्शनीत आलेला येळ्ळूरचा, कडोलीचा, खानापूरकडचा, निपाणीकडचा माणूस संध्याकाळी कट्ट्यावर बसून जे सांगतो ते कुठंही ठेवलेलं नाही, आणि मला आज तेवढंच बोलायचंय.

हिशोब सोपा आहे. १९७१ ला जो विशीत होता तो आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६२ आणि १९६५ बघितलेले ऐंशीच्या पुढं गेले. दुसऱ्या महायुद्धातले तर जवळजवळ संपलेच. इटलीत यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५) या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला हे आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण त्याच इटलीतनं कितीतरी जण गपचूप परत आले, बैल जुंपले, शेती केली, पोरांची लग्नं केली आणि गेले. त्यांना कुणी विचारलंच नाही की तिकडं बर्फात काय खात होता, इटालियन बायका तुम्हाला बघून काय म्हणायच्या. आता विचारायला माणूसच नाही.

जमालपूरचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तान. आपली पहिली मराठा पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं जाऊन बसली, ब्रिगेडकडनं पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी गेली आणि त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री ते लोक फोडून बाहेर पडायला बघत होते ते थेट मराठ्यांच्या तोंडावर आले. हे सगळं पुस्तकांत आहे, पेपरात येतं, दर १६ डिसेंबरला व्हॉट्सॲपवर फिरतं. पण आमच्या गल्लीत एक हवालदार आजोबा आहेत, त्या लढाईत पूर्वेकडं होते, त्यांना मी लढाईचं विचारायला गेलो तर म्हणाले, "गोळीचं काय घेऊन बसलायस रे बाळ, मोजं वाळंनात बघ आमची." आणि मग अर्धा तास ओल्या मोज्यांवर, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवर आणि रात्री शेकोटी पेटवता येत नाही म्हणून नुसतं कांबळं ओढून बसायचं यावर बोलत राहिले. हे कुठल्या पुस्तकात मिळणार? मला तर वाटतं युद्ध म्हणजे नक्की काय ते त्या मोज्यांमुळंच पहिल्यांदा कळलं.

नाव आणि आवाज राहिला नाही तर काय होतं ते बघायचं असेल तर इराकातल्या बसऱ्याकडं बघा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आपल्या मराठा पलटणी होत्या, कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि मग कैद्यांना वाळवंटातनं चालवत नेलं, त्यात किती मेले त्याला सुमार नाही. त्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं, तर त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. नुसता आकडा! यातले काही आपल्याच बाजूच्या गावांतले असणार. हे वाचल्यापासनं मला गावात कुठंही जुनी मेडलं दिसली की पहिला प्रश्न पडतो, ही कुणाची, तो माणूस कुठं गेला होता.

उलटं उदाहरण पण आहे. त्याच काळात जर्मनीत बर्लिनजवळ हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. तिथं जर्मन भाषातज्ज्ञांनी १९१६ मध्ये कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, त्यांना युद्धाशी देणंघेणं नव्हतं, भाषा आणि उच्चार अभ्यासायचे होते. त्यात मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई आहे, तो कुणा दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं बोलतो, एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, इंग्रजांनी त्याला लढाईत आणलं, आता त्याला घरी जायचंय. शंभर वर्षं झाली, अजून ऐकता येतं. फ्रान्समधनं आपल्या शिपायांनी लिहिलेली पत्रं पण अशीच राहिली, सेन्सॉरवाल्यांनी त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवले म्हणून, मूळ पत्रं बहुतेक गेलीच. म्हणजे आपल्या माणसांचा आवाज टिकला तो दुसऱ्यांच्या कामामुळं, त्यांच्या गरजेपुरता. याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी देशांनी हे काम मनावर घेतलंय. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये १९७२ पासून लोकांच्या मुलाखतींचे आवाज साठवतात. अमेरिकेत २००० साली कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडं हे काम दिलं, आणि तिथं मुलाखत घ्यायला कुणी प्रोफेसर लागत नाही, नातू आजोबांची घेऊ शकतो, फक्त रेकॉर्डिंग कमीत कमी ३० मिनिटांचं पाहिजे आणि माणसानं स्वतः भोगलेलं सांगितलेलं पाहिजे. हे आपल्याकडं गावोगाव जमण्यासारखं आहे. मोबाईल सगळ्यांकडं आहे.

आणि आपल्या भागाला तर एक युद्ध अगदी दारात येऊन गेलंय. गोवा, डिसेंबर १९६१. मेजर जनरल कॅन्डेथ यांची १७ वी डिव्हिजन बेळगाव परिसरातच गोळा झाली होती, एक ब्रिगेड अनमोडकडनं उतरली, ५० वी पॅरा ब्रिगेड दोडामार्गाकडनं. १८ तारखेला सकाळी बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरनं हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. १९ ला सगळं संपलं. ही विमानं ज्यांनी लहानपणी डोक्यावरनं जाताना बघितली ते सांबरा, बाळेकुंद्रीकडचे म्हातारे आत्ता आहेत. खानापूर-लोंढ्याच्या रस्त्यानं ट्रकांच्या रांगा गेल्या तेव्हा जवानांना पाणी, भाकरी कुणी दिली हे सांगणाऱ्या आज्ज्या आहेत. त्या फौजेत नव्हत्या, पण त्यांची पण साक्ष युद्धाचीच आहे, ती घेतली पाहिजे.

बायकांचं तर वेगळंच लिहायला पाहिजे. आपण फौजीला विचारतो, त्याच्या बायकोला चहा करायला सांगतो! तिला विचारा. नवरा लग्नानंतर महिन्याभरात गेला, पत्ता म्हणजे नुसतं नाव, नंबर आणि केअर ऑफ ५६ एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस), म्हणजे तो कुठल्या डोंगरावर आहे ते तिला माहीतच नाही. पत्र आलं तर वाचता येत नाही, मग पोस्टमन नाहीतर शाळेचे गुरुजी वाचून दाखवणार, सासऱ्यांच्या समोर, अख्ख्या सोप्यात. नवऱ्यानं तिच्यासाठी काय लिहायचं ते मग लिहिलंच नसेल ना. एका आज्जीनं मला सांगितलं की पत्राच्या शेवटी "गाईची काळजी घे" असं असायचं आणि त्या घरात गाय नव्हतीच. दोघांचं आधीच ठरलेलं होतं. ती हसली सांगताना, आणि मग बराच वेळ बोलली नाही. मी पण गप्पच बसलो. अशा वेळी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, माणूस आत कुठंतरी गेलेला असतो, तो आपणहून परत येतो आणि बहुतेक वेळा तेव्हाच खरं सांगतो.

आता रेकॉर्ड कसं करायचं. फोन फ्लाइट मोडवर टाका, फॅन आणि टीव्ही बंद करा, फोन त्यांच्या जवळ ठेवा. सुरुवातीलाच त्यांच्याच तोंडून नाव, गाव, पलटण, भरतीचं साल आणि तारीख बोलून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी फाईल उघडल्यावर कोण बोलतंय तेच कळत नाही. रेकॉर्डिंग करू का, दुसऱ्यांना ऐकवू का, हे आधी विचारा, आणि नको म्हणाले तर नको. फाईल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवून तीच जपून ठेवायची असं करू नका, आवाजाची क्वालिटी उतरते, मूळ फाईल पेनड्राइव्हवर आणि क्लाउडवर दोन्हीकडं टाका. तारीख चुकली, १९६५ चं १९७१ मध्ये मिसळलं तर मधेच टोकू नका, फौजेतनं सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकवरनं नंतर ताडून घेता येतं. भाषा तर बिलकुल सुधारू नका. आपल्या इथला फौजी एका वाक्यात बेळगावी मराठी, कन्नड आणि पलटणीतली हिंदी तिन्ही बोलतो, ते तसंच राहू दे. अलीकडं रिटायर झालेल्यांना मात्र कुठल्या पोस्टवर किती माणसं असले प्रश्न विचारायचे नाहीत, ती गुपितं असतात.

वस्तूंचं पण तितकंच. मेडल ब्रासोनं घासून चकचकीत करू नका, घासून घासून कडेवरचा नंबर आणि नाव पुसलं जातं आणि मेडल कुणाचं ते सांगणारं तेवढंच असतं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असायचं, कितीतरी घरांतनं ते सोनाराकडं गेलं आणि वितळलं, दुष्काळात पोट भरायचं का मेडल सांभाळायचं, त्या लोकांना मी दोष देणार नाही. जुने फोटो लॅमिनेट करू नका, मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, समर सेवा स्टार अशा नावांची लढायांची मेडलं असतात, त्यातलं जे असेल त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि त्याच वेळी ते कशाबद्दल मिळालं ते त्यांना बोलायला लावा. म्युझियमला वस्तू द्यायची झाली तर ही गोष्ट सोबत द्या, लेखी पोचपावती घ्या. गोष्टीशिवाय गेलेलं मेडल तिथल्या शंभर मेडलांत एकशे एकावं होतं.

माझी इच्छा आहे की रेकॉर्डिंगची एक कॉपी घरी, एक रेजिमेंटच्या म्युझियमकडं आणि एक गावच्या वाचनालयात असावी, कारण नातवंडं पुण्या-बेंगळुरूला जातात, घर विकलं जातं, वाचनालय तिथंच राहतं. आणि कुठनं सुरुवात करायची विचाराल तर नोव्हेंबरची वाट बघा. हयातीच्या दाखल्यासाठी बरेच पेन्शनर बँकेत येतात, अजून कितीतरी जण ऑनलाइन न करता स्वतःच जाऊन सही करतात, तासभर रांगेत बसलेले असतात, एकमेकांची पलटण विचारत असतात. तिथं जाऊन शेजारी बसा, रामराम करा, गाव विचारा. घरी कधी येऊ ते ते स्वतःच सांगतील.