ड्रॉप टाकले आणि मॅडम ओटीत: कमी दिवसांच्या बाळासोबत घरी

ज्यांचं बाळ कमी दिवसांचं आहे, म्हणजे दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेलं, त्यांनी आधी एवढंच करा. डोळ्यांच्या तपासणीला निघण्यापूर्वी फोन लावा आणि विचारा, बाळाला तपासणारे डॉक्टर आज नक्की किती वाजता ओपीडीत बसणार आहेत. "सकाळी या" एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. बाकीचं पुढे लिहितेच आहे, पण हे पहिलं, कारण त्या सकाळचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मुलगी मार्चमध्ये झाली, एकतिसाव्या आठवड्यात, वजन १ किलो ३८० ग्रॅम. एनआयसीयूबद्दल, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबद्दल, फार लिहीत नाही. तिथे मॉनिटर होता, सिस्टर होत्या, रात्री तीन वाजताही कुणीतरी जागं असायचं. खरं अवघड झालं ते घरी आल्यावर. जेमतेम १ किलो ८०० ग्रॅमची मुलगी, मे महिना, नागपुरात मानेवाड्यात वरच्या मजल्यावरचं घर, रात्री अकरापर्यंत तापलेला स्लॅब, आणि श्वास मोजायला मी एकटी.

डिस्चार्जच्या कागदावर "आरओपी फॉलोअप" लिहिलं होतं. आरओपी म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायचाच असतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटातच पूर्ण वाढायच्या असतात, बाळ लवकर आलं की ती वाढ अर्धवट राहते, आणि पुढे ती वेडीवाकडी झाली तर नजर जाऊ शकते. पहिली तपासणी एनआयसीयूतच झाली. अहवालात आलं, "झोन २, स्टेज १". झोन म्हणजे पडद्याचा भाग. पुढची बाहेर, एका मोठ्या रुग्णालयात करायची होती. स्टेज हा शब्द आपण कुठल्या आजारात ऐकलेला असतो ते सांगायला नको. तो शब्द घेऊन मी दोन आठवडे घरात फिरत होते.

त्या दिवशी नवतपा सुरू होता, मेअखेरचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. साडेआठला आम्ही केस पेपरच्या खिडकीवर. ओपीडीच्या बाकांवर मोतीबिंदूचे आजी-आजोबा, डोळे आलेली माणसं, खोकणारी माणसं, आणि त्यांच्यामध्ये आमची दोन किलोची मुलगी. तिला मी छातीशी बांधून आणलं होतं, वरून सुती ओढणी. सिस्टरने नाव पुकारलं, दोन्ही डोळ्यांत ड्रॉप टाकले, कापसाने गाल पुसले आणि म्हणाल्या, "आता दूध देऊ नका, तपासताना उलटी होते."

सूचना बरोबरच आहे. ड्रॉपने बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, मध्ये दहा-पंधरा मिनिटांनी ते पुन्हा टाकतात, आणि तपासणीआधी तासभर पोट भरलेलं नको असतं. पण हे गणित जुळतं कधी? तपासणारा माणूस तासाभरात येणार असेल तेव्हा. इथे डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या.

"कधी येतील?" "येतीलच." अर्ध्या तासाने नवऱ्याने विचारलं. "आत ऑपरेशन चालू आहे, आल्या की बोलावू." पुन्हा ड्रॉप. पुन्हा तेच बाक. मुलगी जागी झाली, मान फिरवून माझ्या छातीकडे तोंड नेऊ लागली. तिचा रडण्याचा आवाज मुळातच बारीक. थोडा वेळ रडली आणि गप्प झाली. कमी दिवसांचं बाळ रडून रडून लवकर दमतं, आणि ते गप्प झालं की आईच्या पोटात गोळा येतो. मी ओढणीवरून तिची छाती बघत मोजायला लागले. मध्येच आकडा विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून. हातांना मुंग्या आल्या, छातीत धडधड. समोर भिंतीवर डोळ्याच्या चित्राचा तक्ता होता, तो दिसत होता पण त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. मला वाटलं आता मीच खाली पडणार, आणि मुलगी माझ्या अंगावर बांधलेली आहे.

शेजारी उमरेडहून आलेल्या एक आजी होत्या. म्हणाल्या, "बाई, लेकराले पाजून काऊन नाही रायली? केव्हाचं भुकेलं हाय थे."

"पाजू नको म्हणाल्या, आजी."

"मंग त्याइले इचार ना अजून एक खेप. लेकरू तुयं हाय."

मी उठून आत गेले. कधी येतील हे या वेळी विचारलंच नाही. म्हटलं, "बाळ एकतिसाव्या आठवड्याचं आहे, शेवटचं दूध सातला झालं, आता साडेदहा वाजलेत. दूध देऊ की नको, हे डॉक्टरांना विचारून मला सांगा. मी इथेच उभी आहे." सिस्टरने ओटीत फोन लावला. दोन मिनिटांत निरोप आला: ऑपरेशनला अजून बराच वेळ आहे, बाळाला पाजा, ड्रॉप नंतर पुन्हा टाकू.

दोन मिनिटं. हाच फोन आम्ही पहिल्यांदा विचारलं तेव्हा लावता आला असता. डॉक्टर ओटीत अडकतात, तातडीची ऑपरेशनं येतात, हे मला कळतं. बसून राहायलाही माझी तयारी होती. पण किती वेळ बसायचं आहे आणि तोवर बाळाचं काय करायचं, हे सांगायला कुणाला ऑपरेशन सोडून यावं लागत नव्हतं. दोन-दोन तासांनी पाजायचं असा नियम ज्या बाळाला लावून घरी पाठवतात, त्याला उपाशी ठेवून "येतीलच" म्हणायचं, हे मला आजही पटत नाही.

तपासणी अखेर दुपारी झाली आणि पाच मिनिटांत संपली. मुलीला कापडात घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरपाण्याचा थेंब दिला, सिस्टरने दोन्ही तळव्यांत डोकं धरलं. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा बारीकसा चिमटा. ते बघवत नाही, ज्यांना जमणार नाही त्यांनी बाहेर थांबावं, बाळाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पापण्या थोड्या सुजतात, त्याचीही कल्पना असू द्या.

मॅडम मात्र माणूस म्हणून चांगल्या. मी विचारलं, "स्टेज १ म्हणजे काय?" त्यांनी केस पेपरच्या मागे एक गोल काढला. मधून बाहेर रक्तवाहिन्या वाढत जातात, हिच्या अजून कडेपर्यंत पोचल्या नाहीत, जिथे थांबल्या तिथे ही रेघ दिसते, ती पहिली स्टेज. बहुतेक बाळांत आपोआप जाते. वाढलीच तर लेसर किंवा इंजेक्शन, आणि तेव्हा दोन-तीन दिवसांत करावं लागतं, म्हणून तारीख चुकवायची नाही. एवढंच. हे पहिल्या अहवालाबरोबर कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. अहवाल हातात आला की विचारा: याचा अर्थ काय, आणि पुढे बिघडलं तर कसं आणि कधी कळेल. समजेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

त्या दिवसानंतर ती धडधड माझ्यासोबत घरीच आली. मुलगी झोपली की मी तिच्या नाकाजवळ बोट धरून बसायची. भावाने प्रेमाने पल्स ऑक्सिमीटर आणून दिला, तो मी तिच्या पायाच्या अंगठ्याला लावायची. पाय हलला की आकडा खाली, आकडा खाली की माझा जीव वर. नवरा म्हणायचा, मी जागतो, तू झोप. पण तो जागा असताना मी त्याच्याकडे बघत जागी. त्यात भेटायला येणारी माणसं. आमच्याकडे अजून म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही. माझ्यासमोर, बाळाला मांडीवर घेऊन, एका नातेवाईक बाईंनी हे म्हटलं. हे धादांत खोटं आहे; पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळाच्या बाजूने. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, जिन्यापर्यंत सोडलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांना सांगितलं की बाळाला बघायला दिवाळीत या. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मदत मिळाली ती धंतोलीत, मुलीच्या फॉलोअपला. बालरोगतज्ज्ञांनी वजन बघितलं, डोकं मोजलं आणि मला विचारलं, "तुम्ही किती झोपता?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला, बाळंतिणीच्या मनःस्थितीचा. गेल्या आठवड्यात कारण नसताना घाबरायला झालं का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे प्रश्न. कागद भरताना मी रडले, आणि बरं वाटलं, कारण कुणीतरी हे छापून ठेवलंय म्हणजे मी काही जगावेगळी नाही. त्यांनी समुपदेशक ताईंकडे पाठवलं. गरज पडली तर अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरच ठरवतील, घाबरू नका, असंही सांगितलं. मला औषध लागलं नाही. लागलं असतं तर मी घेतलं असतं.

ज्यांना असा डॉक्टर मिळाला नाही त्यांच्यासाठी: टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. रात्री दोनला फोन करायला माणूस नसतो, तेव्हा हा लावा.

समुपदेशक ताईंनी पहिलं काम दिलं ते एका कागदाचं. बालरोगतज्ज्ञांना विचारून त्यावर लिहायचं की कशासाठी तडक निघायचं. आमच्या फ्रिजवर तो असा होता: श्वास पूर्ण एक मिनिट मोजून साठच्या वर. श्वास वीस सेकंद थांबला, किंवा ओठ-जीभ निळे पडले. छातीचं कातडं आत ओढलं जातंय. काखेत तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि छातीशी घेऊनही चढत नाही, किंवा ३७.५ च्या वर. दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही. दिवसभरात लघवी सहापेक्षा कमी. यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, रात्र असो की दुपार, १०८ लावायचा. यात नसलेलं बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबेल, शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं. म्हणजे झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा भरभर सुरू होणं, ज्यासाठी मी कित्येक रात्री उठून दिवा लावला, ते अशा बाळांत चालतं. ऑक्सिमीटर डॉक्टरांनीच बंद करून ठेवायला सांगितला. आमच्या मुलीला ऑक्सिजनवर घरी पाठवलेलं नव्हतं, तर त्याची गरज नव्हती. तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

श्वास मोजायला मला शिकवलं ते वस्तीतल्या आशाताईंनी. बाळ शांत असताना, अंगावरचं कापड वर करून, पोटाकडे बघत, घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरी होईपर्यंत. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्या विदर्भातली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून उभी केलेली. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि आज देशभरातल्या आशाताई तेच करतात. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्या ताईंच्या बोटांवर माझा विश्वास बसला.

समुपदेशक ताईंनी दुसरं काय केलं, तर काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी पाच ते साडेपाच. दिवसभरात जे मनात येईल ते वहीत लिहायचं आणि पाचला बसून वाचायचं. सुरुवातीला जमत नाही, नेटाने करायचं. पाचपर्यंत अर्ध्या ओळी आपोआप निकामी झालेल्या असतात.

कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी अंगाला अंग लावून धरणं, घरीही चालू ठेवा. नवऱ्यानेही घ्यायचं, आजीनेही. बाळ छातीशी असलं की त्याचं तापमान टिकतं, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर श्वास मोजावा लागत नाही, तो अंगावर कळतो. उन्हाळ्याचं विचाराल तर आम्ही एसी २७ वर ठेवला, टोपडं-मोजे घालून. कूलरची थेट हवा बाळावर घेऊ नका. काढलेलं दूध नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये, चोवीस तासांच्या आत वापरायचं. बोंडलं वापरत असाल तर प्रत्येक वेळी उकळून.

आणि लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या. मान धरणं, हसणं, पालथं पडणं हे मात्र डॉक्टरांनी बाळंतपणाची जी मूळ तारीख दिली होती तिच्यापासून मोजायचं. शेजारच्या बाळाशी तुलना केली की काळजी दुप्पट होते, हे लिहून ठेवा.

डोळ्यांचं पुढे नीट झालं. "पडदा पूर्ण वाढला" असं मॅडमनी लिहून दिलं तेव्हा मी तिथेच बाकावर बसून मुलीला पाजलं. त्या रुग्णालयाला मी एक लेखी अर्ज दिला आहे: आरओपीच्या बाळांना वेगळी वेळ द्या, ड्रॉप टाकण्याआधी ओटीत फोन करून डॉक्टरांची वेळ विचारा, आणि उशीर होणार असेल तर पाजायचं की नाही ते आईला सांगा. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायला जाणार आहे. तुम्हीही तिथे किंवा दुसरीकडे असं काही सोसलं असेल तर अर्ज द्या, तोंडी बोलून सोडू नका.