तुम्ही विचारलंत म्हणून: ते कॅटलॉग रद्दीत का जात नाहीत

घरी येणारं कुणीही कपाटातल्या त्या पिवळ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारतंच, "हे रेडिओच्या पार्टचे कॅटलॉग अजून कशाला ठेवलेत? यातलं काही आता मिळतं तरी का?"

बरंचसं मिळत नाही. तरी ठेवलेत. का ते सांगतो.

१९७८ साली मी नववीत होतो, घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. शाळा सुटली की लक्ष्मीपुरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढं उभा राहायचो. एकदा तिथले मेकॅनिक म्हणाले, "नुसतं बघून काय हुणार? मुंबईला लिही की, यादी पाठवत्यात." लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाला पत्र लिहिलं, सोबत आपला पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा. काही दिवसांनी सायक्लोस्टाइल केलेली पानं आली. चित्र एकही नाही. डायोड, ट्रान्झिस्टर, गँग (स्टेशन लावायला फिरवायचा कंडेन्सर), आयएफटी, फेराइट रॉड, समोर किंमत. शेवटच्या दोन पानांवर कुठला पार्ट किती व्होल्ट, किती करंट सोसतो त्याचा तक्ता.

विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी ती यादी वाचायचो. आज हे कुणाला पटत नाही, पण मी शिकलो ते त्यामुळंच. पैसे असते तर किट आणून जोडलं असतं आणि विसरलो असतो. ५० किलो-ओहमचा रेझिस्टन्स हवा आणि जवळ १००चे दोन आहेत, तर ते समांतर जोडायचे, हे मला गरजेनं शिकवलं.

पहिला रेडिओ क्रिस्टल सेट. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणि उद्यमनगरात मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्यांकडची उरलेली एनॅमलची तार. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लागायची. कॉइल २०० मायक्रोहेन्रीची धरली, तर गँग साधारण ८१ पिकोफॅरडवर यायला हवा. हे गणित मी यादीच्याच समासात पेन्सिलीनं केलंय. एरियलची तार कौलांवरून शेवग्यापर्यंत, अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला, हेडफोन जुन्या बाजारातला, २००० ओहमचा.

डायोड, म्हणजे रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणारा पार्ट, मात्र घरात पडलेला बीवाय १२७ लावला. यादीतल्या ओए ७९चे पैसे वाचवायचे होते. तीन रात्री कानाला हेडफोन लावून बसलो. काही नाही. कॉइल पुन्हा गुंडाळली, तारेची टोकं ब्लेडनं पुन्हा खरवडली. काही नाही.

चौथ्या रात्री तो शेवटचा तक्ता नीट वाचला. बीवाय १२७ सिलिकॉनचा. सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो नीट वाहू लागत नाही. ओए ७९ जर्मेनियमचा, त्याला ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात. पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीचा सिग्नल माझ्या तारेत येताना इतका क्षीण होता, की सिलिकॉनचं दार त्याच्यासाठी उघडतच नव्हतं. तोवर मी सारा दोष माझ्या हाताला देत होतो.

ओए ७९ व्ही.पी.नं मागवला, म्हणजे पैसे पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला द्यायचे. पोस्टमनकाका आले तेव्हा वडिलांनी काही न बोलता पैसे दिले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचं मोल मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी डायोड बदलला, गँग अगदी सावकाश फिरवला आणि आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. बाजारभाव चालले होते. गुळाचा भाव सांगत होते. हेडफोन काढून आईच्या कानाला लावला. ती पीठ मळत होती, हात तसेच वर धरून ऐकत राहिली.

"ह्याला सेल कुठाय रे?"

"नाही आई. सेल नाही, लाइट नाही. सांगलीहून जे येतं, त्याच्यावरच चालतो."

"लांबनं नुसता आवाज यावा, आणि चालवायची ताकदबी त्यातच?"

तिनं त्या रात्री तो डायोड तळहातावर घेऊन पाहिला. काचेची नळी, आत केसाएवढी तार.

पुढं बीसी १४८ ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर केला, एसी १२८ ट्रान्झिस्टरची जोडी वापरून स्पीकर वाजवला. प्रत्येक वेळी आधी यादी, मग गणित, मग व्ही.पी. आता पार्टचा नंबर फोनवर टाकला की सगळी माहिती पुढ्यात येते. ते चांगलंच आहे, मीही करतो. पण माझं ८१ पिकोफॅरडचं गणित त्या समासातच आहे, आणि ओए ७९च्या ओळीवर आईच्या पिठाच्या बोटाचा डाग आहे. या कधी, पान काढून दाखवतो.