गरम झाली की मिसिंग, शेवटी कारण सापडलं ते टॅपेट कव्हरखाली

आमची पेट्रोल गाडी १९ वर्षांची आहे, ४ सिलेंडर, इंजेक्शनवाली, आणि मला ती मनापासून आवडते म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय. त्रास असा सुरू झाला की सिग्नलला थांबलं की इंजिन हलायला लागायचं, स्टेअरिंगला हात लावला तर धक्के जाणवायचे, सायलेन्सरमधून फट फट असा तुटक आवाज, आणि रेस दिली की सगळं गायब. चालत्या गाडीत पिकअप जवळजवळ नेहमीसारखा. मग एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागला. तो दिवा नुसता लागून राहिला तर थोडा वेळ मिळतो, पण तो लुकलुकायला लागला तर गाडी पळवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो प्रचंड तापून खराब होतो.

आधी मी जे सगळे करतात तेच केलं, चारही प्लग नवीन टाकले. काही फरक नाही. त्यानंतर ठरवलं की आता टेस्ट केल्याशिवाय एकही पार्ट आणायचा नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी०३०३, म्हणजे ३ नंबर सिलेंडर मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. पी०३००, म्हणजे नक्की कुठल्या सिलेंडरमध्ये ते न सांगणारा मिसिंगचा कोड, आला असता तर कुठलाही एक सिलेंडर धरता आला नसता, तेव्हा हा कोड मिळणं म्हणजे अर्धं काम झालं असं मला वाटलं. खात्री करायला चालू इंजिनवर पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघितलं. १, २ आणि ४ चं काढलं की इंजिन लगेच अजून अडखळायचं, ३ चं काढलं तर काहीच बदल नाही. म्हणजे ३ नंबर काम करतच नव्हता. पूर्वी यासाठी चालू गाडीची प्लग वायर उपटायचे, ते करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात, झटका बसतो तो बसतोच शिवाय प्लगला वीज देणारी कॉइलही जाऊ शकते.

मग अदलाबदल सुरू केली, पण एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर शेवटी कशामुळे काय झालं ते कळत नाही. आमच्या गाडीत दोन कॉइल आहेत, एक १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला, जोडीतल्या दोघांना एकाच वेळी स्पार्क जातो. २ व्यवस्थित चालत होता त्यामुळे कॉइलवरचा संशय तिथेच कमी झाला. ३ चा प्लग काळा आणि ओलसर होता, बाकीचे तिन्ही छान बिस्किटी रंगाचे. तो प्लग २ मध्ये टाकला, कोड ३ वरच. २ आणि ३ च्या वायरी आपसात बदलल्या, एकत्रच फायर होतात म्हणून हे चालतं, तरी कोड ३ वरच. रात्री अंधारात वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारून बघितलं, कुठे ठिणगी उडते का, नाही. तेच पाणी हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या जोडावर मारलं, कुठून हवा ओढत असेल तर आयडलिंग (रेस न देता इंजिन चालणं) बदलतं, तेही नाही. इंजेक्टरचा रेझिस्टन्स १३ ओहमच्या आसपास, चारही सारखेच, आणि लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला तर टिकटिक चारही ठिकाणी येत होती, तरी ३ आणि ४ चे इंजेक्टर आपसात बदलून बघितले. कोड ३ वरच.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब. सकाळी गार इंजिनवर तो मोजायचा गेज लावला, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि कॉइल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १६५, १६०, १४५, १६५ पीएसआय. ३ नंबर कमी आहे पण एवढ्याने सिलेंडर मरत नाही असं म्हणून मी गेज पेटीत ठेवला आणि दोन दिवस परत वायरिंगच तपासत बसलो. माझी खरी चूक ही.

बाबा बाजूला खुर्ची टाकून बसायचे, त्यांना गाडीतलं फार कळत नाही, पण ते म्हणाले, "अरे, सकाळी सुरू करतोस तेव्हा किती शांत चालते ही, पंधरा मिनिटांनीच का रडायला लागते?" हे मला रोज दिसत होतं तरी मी त्याचा विचारच केला नव्हता. जी चूक फक्त गरम इंजिनला होते तिची टेस्ट मी गार इंजिनवर केली होती!

इंजिन पूर्ण तापवलं, हातमोजे घालून प्लग काढले आणि परत गेज लावला. बाकीचे तिन्ही १७० च्या आसपास, ३ नंबर ९५. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं, पिस्टन रिंग गेल्या असत्या तर आकडा चांगलाच वाढला असता, तो १०० च्या पुढे गेला नाही. म्हणजे गळती वॉल्व्हमधून, सिलेंडरची हवा आणि धूर आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांमधून. हेड गॅस्केटचीही शंका असते पण शेजारचे २ आणि ४ चांगले होते, पाणी कमी होत नव्हतं, ऑइलही स्वच्छ.

रात्रभर इंजिन गार होऊ दिलं आणि टॅपेट कव्हर, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटवरचं झाकण, उघडलं. ३ चे टॅपेट बघायला २ चे वॉल्व्ह बघायचे, २ चा एक्झॉस्ट बंद होत असताना इनटेक उघडायला लागला की ३ बरोबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो. क्रँकचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवून तिथे आणला. मॅन्युअलप्रमाणे एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि टॅपेट यांच्यात ०.२० मिमी गॅप हवा, ३ नंबरला फिलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांची) ०.०५ ची पातीही जाईना! बाकीचे एक्झॉस्टही ०.१२, ०.१५ वर आलेले. वर्षानुवर्षं वॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो बंद होताना जिथे टेकतो तिथे, खोल बसत जातो आणि हा गॅप कमी होत जातो. गार असताना वॉल्व्ह कसाबसा बंद होतो, तापला की त्याची दांडी लांबते आणि तो थोडा उघडाच राहतो. आयडलिंगला इंजिन हळू फिरतं म्हणून दाब गळायला वेळ मिळतो, रेसला मिळत नाही, म्हणून रेस दिली की सगळं ठीक.

टॅपेट ढिले झाले तर टकटक आवाज येतो आणि माणूस लगेच बघतो. घट्ट झाले तर इंजिन उलट जास्त शांत वाटतं, मलाही ते चांगलंच लक्षण वाटायचं. पण एक्झॉस्ट वॉल्व्ह त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो, टेकलाच नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उतरवण्याशिवाय इलाज नाही. त्या रात्री मला हीच भीती होती.

आठही टॅपेट सेट केले. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पाती परत घालून बघायची, हलकी घासत गेली पाहिजे. काही टॅपेट मला तीन-तीनदा करावे लागले. नवीन गॅस्केट घालून कव्हर बसवलं, इंजिन तापवलं, गेज लावला, ३ नंबर १५५. वॉल्व्ह वाचला होता. कोड पुसला, आयडलिंगला वीस मिनिटं उभी ठेवली, बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, "आता थरथर नाही" एवढंच म्हणाले.

हजार किलोमीटर झाल्यावर परत कव्हर उघडून बघितलं, ३ नंबरला ०.२० ची पाती तशीच घासून गेली आणि कोड अजून आलेला नाही.