ब्रँच अजून ठरलेली नाही

"ब्रँच कुठली?" पहिली दोन वर्षं गावाकडून ज्याचा म्हणून फोन आला, त्याने हेच विचारलं. मी वाळवा तालुक्यातली. बारावी सायन्स, सीईटीला मार्क चांगले होते, आणि तरी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजला गेले. तिथे पहिल्या वर्षी ब्रँच नसतेच. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चौथ्या सेमिस्टरमध्ये ठरवायचा. हे मामाला समजावताना माझी पुरेवाट व्हायची. पप्पांना तर कारखान्यावर चारचौघांत सांगावं लागायचं.

ग्रिनेल १८४६ सालचं, विद्यार्थी सुमारे १,७००. गावही लहान, साडेनऊ हजार वस्तीचं, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. इंटेल काढणाऱ्या दोघांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, याच गावात वाढले आणि १९४९ साली याच कॉलेजातून पदवीधर झाले. वर्षाचा एकूण खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर आहे. परदेशी मुलांना प्रवेश देताना त्यांना किती मदत लागेल हे कॉलेज बघतं, पण एकदा घेतलं की घरची ऐपत तपासून जेवढी गरज ठरेल तेवढी पूर्ण मदत देतं. ती ऐपत कागदावर दाखवण्यात आमचे दोन महिने गेले. ऊसबिलाच्या पावत्या, दुधाची दहा-दहा दिवसांची बिलं, सोसायटीचं कर्ज, सगळं पप्पांनी वहीत उतरवून दिलं आणि मी ते डॉलरमध्ये करून फॉर्मात भरलं. कुणाला हा मार्ग धरायचा असेल तर अकरावीतच कागद जमवायला लागा.

आता अभ्यासाचं. पदवीला १२४ क्रेडिट लागतात आणि त्यात सक्तीचा कोर्स फक्त एक, पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल, म्हणजे एका विषयावर वाचायचा-लिहायचा छोटा वर्ग. बाकी सगळं आपण निवडायचं. मात्र एका विभागाची ४८ पेक्षा जास्त क्रेडिट आणि एका शाखेची ९२ पेक्षा जास्त क्रेडिट त्या १२४ मध्ये धरत नाहीत. म्हणजे नुसतं सायन्स एके सायन्स करून पदवी मिळत नाही. ट्युटोरियल शिकवणाऱ्या प्राध्यापकच मेजर ठरेपर्यंत तुमच्या सल्लागार असतात आणि त्यांच्या होकाराशिवाय विषयांची नोंदणी होत नाही.

पहिल्या भेटीला मी यादी घेऊन गेले: केमिस्ट्री, कॅल्क्युलस, बायोलॉजी. मॅडमनी विचारलं, हे का?

"लागतील म्हणून."

"कशासाठी लागतील?"

मला उत्तर येईना. त्या चिडल्या नाहीत, यादी खोडलीही नाही. प्रत्येक विषयापुढे एक ओळ लिहून उद्या ये, एवढंच म्हणाल्या. त्या रात्री केमिस्ट्रीपुढे ओळ सुचली, बायोलॉजीपुढे सुचली. कॅल्क्युलसपुढे मी लिहिलं, 'सगळे घेतात'. मग ते खोडलं आणि त्या जागी मानववंशशास्त्राचा पहिला कोर्स लिहिला, कारण त्याच्या वर्णनात गाव हा शब्द होता. बारा वर्षं शाळा-कॉलेजात काढली, पण विषय का घेतेस असं मला त्याआधी कुणीही विचारलं नव्हतं. आपल्याकडच्या हुशार मुलांचं यात फार मोठं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं.

ट्युटोरियलमध्ये आम्ही बाराजण, विषय अन्न. पहिल्या निबंधात मी लायब्ररीतली चार पुस्तकं वाचून माहिती ठासून भरली. कागद परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच प्रश्न तीन ठिकाणी होता: हे कोण म्हणतंय? ग्रेडही बेताचीच. लेखन केंद्रात वेळ घेतली. तिथल्या बाईंनी मलाच माझा निबंध मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्या पानावर मी आपोआप थांबले. कुठलं वाक्य माझं आणि कुठलं पुस्तकाचं, ते मलाच सांगता येत नव्हतं. तो निबंध तीनदा लिहिला.

बायोलॉजीचा पहिला कोर्स पाठ करण्याचा नाही. एक प्रश्न घ्यायचा, प्रयोग आखायचा, फसला तर का फसला ते लिहायचं. त्यानंतर वसंतात आम्ही कॉलेजच्या कोनार्ड संशोधन क्षेत्रावर गेलो. ३६५ एकर जागा, त्यात मूळचं गवताळ रान परत उभं करण्याचं काम चालतं. आयोवाचा बहुतेक भाग एकेकाळी असंच रान होता. आज त्याचा एक हजारावा हिस्साही उरलेला नाही. तिथे गवत मुद्दाम, वारा बघून, त्याचं खास शिक्षण घेतलेल्या माणसांकडून पेटवतात. आम्ही गेलो तेव्हा जमीन काळीभोर होती आणि राखेतून बोटभर हिरवे कोंब वर आले होते. बुटाला काजळी लागली आणि मला आमचं अंगण आठवलं. ऊस तुटून गेला की पाचट पेटवायचं, आणि त्याची काजळी उडून आईच्या वाळत घातलेल्या धुण्यावर पडायची.

चौथ्या सेमिस्टरला मेजरच्या फॉर्मासोबत चार वर्षांचा तक्ता आणि निबंध द्यायचा होता. मी लिहिलं, मला निसर्गाची आवड आहे. बायोलॉजीच्या सल्लागारांनी वाचून विचारलं, "कुठल्या निसर्गाची?" आणि कागद परत दिला.

मग मी पाचटाबद्दल लिहिलं. गवताळ रानात आगीनं वरचं वाळकं जातं, झाडांची रोपं मरतात, पण गवताच्या मुळ्या आठ-दहा फूट खोल जिवंत असतात, म्हणून रान पुन्हा उठतं. आमच्या रानात पाचट जळलं की त्यातला नत्र हवेत जातो आणि जो सेंद्रिय कर्ब जमिनीत मुरायचा तोही जातो. तेच पाचट सरीत कुजवलं तर जमीन सुधारते, हे आपले कृषी अधिकारी कधीपासून सांगतात, तरी ते पेटतंच. का पेटतं, याला नुसती बायोलॉजी पुरत नाही. तोडणीच्या टोळ्या, पाण्याची पाळी, मजुरी, सगळं त्यात आहे. तक्त्यात अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र कशाला, हे आता मला कुणी विचारलं तर सांगता येत होतं. फॉर्मावर सही झाली.

संध्याकाळी घरी फोन लावला. "पप्पा, ब्रँच ठरली. बायोलॉजी."

"डॉक्टरकी?"

"नाही." मग गवताचं, आगीचं, मुळ्यांचं सगळं सांगितलं. पप्पा बराच वेळ गप्प होते.

"धा फूट मुळी म्हणतीस, मग नांगारलं कसं असंल त्यांनी?"

लाकडी, बिडाच्या नांगराला ती चिकट माती सोडत नव्हती, १८३७ साली एका लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला, मग ते जमलं, असं मी सांगितलं. त्या लोहाराचं नाव जॉन डिअर.

"आपल्या अण्णाच्या दारात ट्रॅक्टर हुबा हाय, त्यो?"

"तोच."

पप्पांनी तिथूनच आईला हाक मारली.