उघाडीची झडप आणि तिवरांची रांग

खारभूमीत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनीत, शेतकरी विरुद्ध कांदळवन (तिवरांचं जंगल) असं भांडण रंगवलं जातं. प्रत्यक्षात वादाच्या मुळाशी बहुतेकदा वेळेत न बुजवलेली खांड (बांधाला पडलेलं भगदाड) असते.

बांध फुटला की भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं आणि खांड रुंदावत जाते. पहिल्या वर्षी भात जातं. दोन-तीन पावसाळे तसेच गेले की तिवराच्या बिया आत येऊन रुजतात. मग सातबारा तुमच्या नावावर असला तरी कोयता लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्टच केलंय, जमीन खासगी असो की सरकारी, कांदळवन सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात, येतं. भोवतीची ५० मीटरची पट्टीही सोडायची. म्हणून खांड त्याच हंगामात बुजवा, आणि तीही भांगाच्या दिवसांत. अष्टमी-नवमीला भरती कमी चढते, कामाला वेळ मिळतो. उधाणात टाकलेली माती पुढच्याच भरतीला खाडीत जाते.

माती कुठून काढता यात सगळ्यात जास्त चुका होतात. बाहेरच्या अंगाला, तिवरांच्या बुडाशी खणणं सोयीचं वाटतं, पण त्याने बांधाचा पायाच सैल होतो. शिवाय तिवराची पेन्सिलीएवढी श्वासमुळं चिखलातून वर डोकावत असतात. पोकलेनने उपसलेला गाळ त्यांवर पसरला की झाड गुदमरून वाळतं. ते गेलं की लाट थेट बांधावर येते. माती आतल्या अंगाची घ्या, पायथ्यापासून चार-पाच मीटर सोडून, आणि उथळच काढा. खालचा काळपट, सडक्या अंड्याचा वास मारणारा थर हवेवर आला की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि नंतर तिथे धड काही उगवत नाही.

खेकड्यांची बिळं मे महिन्यातच शोधावीत. वरवर माती थापून उपयोग नाही. बीळ जाईल तिथवर खणायचं आणि चिकणमाती थराथराने चोपायची.

आता उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची मोरी. झडप खाडीच्या बाजूला, वरून बिजागरीवर टांगलेली असते. भरतीने ती आपोआप मिटते आणि ओहोटीत आतलं पाणी रेटा देऊन ती उघडतं. बिघाड क्षुल्लक असतो: फटीत अडकलेलं लाकूड, झिजलेलं रबर, गंजलेली बिजागरी, नाहीतर बाहेरच्या चरात साचलेला गाळ. तपासायची असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला आतल्या बाजूला उभं राहा. बारीक धार दिसली तरी दुर्लक्ष करू नका. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं खिशातलं यंत्र जवळ असावं; क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. भाताला जमिनीतली क्षारता साधारण ३ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत सोसते, त्यापुढे दर एककाला उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. रोपावस्था आणि फुलोरा हे दोन काळ सगळ्यात नाजूक. पनवेल-१, २, ३ हे वाण खाऱ्या जमिनीसाठीच काढलेले, पण गळकी झडप वाणाने भरून निघत नाही.

लागवडीआधी पहिल्या जोरदार पावसाचं पाणी खाचरात साठवायचं, ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा साठवायचं. क्षार असेच धुतले जातात. घाई करून पहिल्याच सरीवर रोपं लावली तर पानांची टोकं पांढरी पडून वाळतात.

कापणीनंतर सगळं शेत कोरडं करायची सवय मात्र सोडावी. उन्हाळ्यात उघड्या जमिनीतून पाणी उडतं आणि क्षार वर येतात. सखल कोपऱ्यात चार बोटं पाणी आणि उभी धसकटं राहू दिली तर तिथले क्षार कमी वर येतात आणि चिखलात टिपणाऱ्या तुतवार पक्ष्यांना खाद्य मिळतं. केरळात पोक्काळी (खाऱ्या पाण्याकाठच्या भाताच्या) शेतात भात निघाल्यावर खारं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. ते चालतं कारण पुढचा पावसाळा क्षार धुऊन काढतो. शेजाऱ्याच्या खाचरात पाझर जात असेल तर मात्र हा उद्योग नको. आणि मासळी घ्यायची असेल तर भातावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका. कोळंबी त्याच्या अगदी थोड्या अंशानेही मरते. तुडतुड्यांसाठी आधी बांधावरचं तण काढा, युरियाचा हात आखडता घ्या.